उंदरांवर चाललेलं व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं औषध माझ्या बाबांना कधी मिळेल?

तुमच्या बाबांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया आहे, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडून विचार आणि स्मरणशक्ती ढासळणं, आणि फॅमिली ग्रुपवर बातमी आली की उंदरांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या औषधाने वाचवल्या, म्हणून विचारताय. मी एम.फार्मला असताना मुंबईतल्या एका कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये हेच काम केलंय आणि आता घरी सासऱ्यांना, अप्पांना, हाच आजार आहे. इतक्यात नाही मिळणार हो. का ते सांगते.

उंदराला हा आजार आपला आपण होत नाही, करावा लागतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही मोठ्या धमन्यांभोवती बारीकशी स्प्रिंग बसवतात, आतून जेमतेम ०.१८ मिलिमीटर, क्योटोतल्या संशोधकांनी २००४ मध्ये हे मॉडेल मांडलं. धमनी बंद नाही होत, आवळली जाते, रक्त कमी पडतं आणि काही आठवड्यांत मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे वायरिंग, खराब व्हायला लागतो. पावसात कसं, सायन आणि कुर्ला दोन्ही स्टेशनं धड असतात पण मधे रुळांवर पाणी आणि लोकल ठप्प, तसं. म्हणून या आजारात बऱ्याचदा माणूस विसरण्याआधी मंद होतो. अप्पा उत्तर बरोबर द्यायचे पण इतक्या वेळाने, की आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

आमच्याकडे मोठे उंदीर होते, रॅट, त्यांच्या धमन्या पूर्ण बांधायचो आणि मग पाण्याच्या टाकीत सोडून बुडालेला प्लॅटफॉर्म किती वेळात सापडतो ते बघायचं. यात एक मोठी गोची आहे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे डोळ्याची नस पण खराब होऊ शकते, म्हणजे त्याला दिसतच नाही म्हणून तो भरकटतो आणि आपण वहीत लिहितो स्मरणशक्ती गेली! मॅडम म्हणायच्या आधी प्लॅटफॉर्म दिसेल असा ठेवून बघ, तिथे पोचतो का, मगच पुढचं. टॉवेलने एकेकाला पुसताना हे मनात असायचंच.

आणि उंदराच्या मेंदूत पांढरा भाग दहा टक्क्यांच्या आसपास, माणसात जवळपास निम्मा. शिवाय प्राणी बहुतेक वेळा तरुण, आणि औषध कितीदा तरी ऑपरेशनच्या आगेमागेच सुरू केलेलं असतं. आपल्या माणसांच्या रक्तवाहिन्या बीपी-शुगरने वीस-वीस वर्षं झिजलेल्या, आपण जातो ते नुकसान झाल्यावर.

माणसांवर पण काम चालू आहे. ब्रिटनमध्ये ३६३ पेशंटवर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल या जुन्याच गोळ्या तपासल्या, २०२३ मध्ये निकाल आला, आशा वाटावी असा आहे पण पक्का नाही, तेव्हा केमिस्टकडून आणून स्वतःच सुरू करू नका प्लीज. बीपीचा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. अमेरिकेत ५० च्या पुढच्या ९,३६१ लोकांवर अभ्यास झाला, वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलं त्या गटात विसराळूपणाची सुरुवातीची पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियाही कमी दिसला पण तो फरक ठामपणे सिद्ध नाही झाला.

बाबांचं टार्गेट किती ते डॉक्टरांनाच विचारा, वयस्कर माणसाचं बीपी फार उतरलं तर उठताना चक्कर येऊन पडतात. आम्ही सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो आणि तीच वही डॉक्टरांना दाखवतो. घरी मशीन आणलंत की तुमचं स्वतःचं पण मोजा, तुमच्या रक्तवाहिन्या वाचवायला अजून वेळ आहे.