रोज पाच किलोमीटर चालणारी डिझेल गाडी

दादा, १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या धुराच्या सरकारी नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात गाड्यांचा धूर प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजतात. पण पास झालेली गाडी तशीच ठेवणं आपल्या हातात. तुमचं रोजचं जाणं कोथरूड ते डेक्कन. एवढ्यात सायलेन्सर धड तापत नाही आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठत जाते. ती जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतं. म्हणून डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका. हायवेला काढा, गिअर एखादा खालचा ठेवून वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, कमी राखेचं. डीपीएफ काढून टाकू म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये मात्र पुन्हा पाऊल ठेवू नका. मागच्या दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.