दुसरा साक्षीदार कुठे आहे?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी कळवळा आला, आणि पान उलटेपर्यंत रागही आला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांवरची ती मालिका, ‘बँड ऑफ ब्रदर्स’, तिचे दहाच्या दहा भाग तुला तोंडपाठ. नॉर्मंडीत ब्रेकूरच्या जर्मन तोफांवर झालेल्या हल्ल्याचा नकाशा तू वहीत काढलास, तो मी पाहिलाय. चांगला काढलास. आणि आता त्यातल्या एका सैनिकाचं, अल्बर्ट ब्लाइथचं, खरं कळल्याबरोबर सगळं गुंडाळून ठेवायला निघालीस? ‘एवढी मोठी मालिका जिवंत माणसाला मेलेला म्हणते, तर बाकीचं काय खरं मानू,’ असं लिहितेस. शिवाय पणजोबांवर लिहायचंही सोडून देणार म्हणतेस, कारण त्यांचीही गोष्ट अशीच निघाली तर? एका चुकीच्या ओळीनं मोडतो तो उत्साह भक्तांचा. तुला भक्त व्हायचं होतं का?

ब्लाइथचंच घेऊ. तिसऱ्या भागाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, की तो जखमांतून कधीच सावरला नाही आणि १९४८ साली वारला. प्रत्यक्षात गडी सावरला, पुढेही सैन्यातच राहिला, मास्टर सार्जंट झाला आणि १९६७ साली गेला. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. म्हणजे मालिकेनं त्याचं जवळजवळ वीस वर्षांचं आयुष्य खाल्लं. पण हे कुणा पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्याच्या जुन्या साथीदारांचाही तसाच समज होता. एकत्र लढलेली, मार खाल्लेली माणसं, आणि त्यांना आपल्यातला एक जण जगला की वारला ठाऊक नाही. त्यांच्या शब्दावर शंका घेणं कुणाला बरं वाटणार? म्हणून कुणी विचारलं नाही. दुसरा साक्षीदार कुणी शोधला नाही. तो ब्लाइथच्या घरातच होता.

मी तुला पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत आलोय आणि तू मान डोलावून विसरत आलीस. दुसरा साक्षीदार. माणूस कितीही खरा असो, कितीही पदकं मिळवलेला असो, त्याच्या तोंडून ऐकलेलं एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि तो दुसरा शक्यतो त्याचा मित्र नसावा.

ती मालिका ज्यावर उभी आहे ते स्टीफन अँब्रोझचं पुस्तक १९९२ साली आलं. मालिकेतली पलटण ती ईझी कंपनी, तिच्यातल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी हा त्याचा मुख्य आधार. आता हर्बर्ट सोबेल आठव. जॉर्जियातल्या टोकोआच्या छावणीत पोरांना कुराही डोंगरावर पळवणारा, सगळ्यांना नकोसा झालेला कॅप्टन. तो १९८७ साली वारला. त्याची बाजू पुस्तकात येणार कुठून? ज्यांना तो आवडत नव्हता तेच बोलायला उरले होते. त्यांचा मोठेपणा असा, की या माणसानंच आम्हाला घडवलं, हेही त्यांच्यातल्या काहींनी कबूल केलं. पण तो साक्षीदार गेलाच.

ईझीचा पुढचा एक प्रमुख नॉर्मन डाइक, त्याचं तर त्याहून अवघड. जानेवारी १९४५, बेल्जियममधल्या बॅस्टोनजवळचं फॉय गाव. मालिकेत डाइक हल्ल्याच्या मध्यावर गवताच्या गंजीआड गोठून बसतो, मग ईझीचा जुना प्रमुख विंटर्स दुसऱ्या कंपनीतल्या स्पिअर्स या अधिकाऱ्याला पाठवतो आणि स्पिअर्स शत्रूच्या मधून पळत जाऊन परत येतो. हा प्रसंग पाहताना तुझ्या अंगावर काटा आला असणार. माझ्याही आला. पण याच डाइकला आधी ब्राँझ स्टार मिळालेलं होतं, आणि त्याच कंपनीतला क्लॅन्सी लायल सांगायचा, की त्या दिवशी डाइकच्या खांद्याला गोळी लागलेली त्यानं पाहिली होती. मग भेकड की जखमी? मला विचारशील तर दोन्ही लिहून ठेव. विंटर्स खोटं बोलणारा माणूस नव्हता. लायलनंही उगाच का सांगावं? दोघांचं जुळत नाही, ते जुळवायची घाई तुला कशाला?

आणि ऑगस्टा चिवी. सहाव्या भागात ‘ॲना’ नावाची कृष्णवर्णी परिचारिका क्षणभर दिसते, ती हिच्यावरून. वडील बेल्जियन, आई काँगोची. बॅस्टोनवरच्या २४ डिसेंबर १९४४ च्या बाँबफेकीत तिची सहकारी रने लमेर गेली, ही वाचली. मालिका लागली २००१ साली. तेव्हा ही बाई बेल्जियममध्ये हयात होती! मार्टिन किंग या इतिहासकारानं तिला शोधून काढलं ते नंतर. ती गेली २०१५ साली. साक्षीदार पुष्कळदा मेलेला नसतो, त्याच्या दारात कुणी गेलेलं नसतं.

तरीही मी ती मालिका पुन्हा पाहतो, आणि तूही पाहा. प्रत्येक भागाच्या आरंभी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं अगदी शेवटच्या भागापर्यंत सांगितली नाहीत, एवढ्या एका गोष्टीसाठी त्या लोकांना मी शंभर चुका माफ करीन. बॅस्टोनचं ते बर्फाळ रान इंग्लंडमध्ये एका हँगरात उभारलेलं होतं, हे ठाऊक असूनही मला थंडी वाजते. वाजू दे. थंडी वाजणं आणि विश्वास ठेवणं ही दोन वेगळी खाती आहेत, ती तू एकत्र केलीस म्हणून आज रडतेस.

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या तालुक्यातल्या जवानांवर मी पुस्तक लिहिणार होतो. प्रकाशक तयार होता. केरनच्या लढाईत, म्हणजे १९४१ साली एरिट्रियात लढलेल्या एका हवालदारांनी मला अशी हकिकत सांगितली होती, की नुसती तीच छापली असती तरी पुस्तक हातोहात खपलं असतं. मी दुसरा साक्षीदार शोधत बसलो. मिळाला नाही. हवालदार गेले. त्यांचे चिरंजीव आजही माझ्याशी बोलत नाहीत. ‘बाबांच्या शब्दावर तुमचा विश्वास नव्हता,’ म्हणतात. विश्वास होता! पुरेपूर होता. म्हणूनच त्यांचं बोलणं उद्या कुणी उठून खोटं पाडू नये, असं मला वाटत होतं. हे त्या घरात कुणाला समजावून सांगता आलं नाही. वह्या ट्रंकेत आहेत. पुस्तक नाही. ते पुस्तक त्यांच्या हातात पडायला हवं होतं, याची हळहळ मला रोज लागते. पण तसं छापलं असतं तर आज कुणीतरी तुझ्यासारखंच पत्र मला लिहिलं असतं, ‘काका, हे खोटं निघालं.’ मी हट्टी आहे असं म्हणतात. म्हणू देत. तुझ्या वडिलांनाही असंच वाटतं, मला माहीत आहे.

आता तुझे पणजोबा. घरात सांगतात, की इटलीत ते नाईक यशवंत घाडगे यांच्या शेजारी लढत होते. मराठा पलटणीत माणूस असलेल्या पुष्कळ घरांत हे सांगतात, तेव्हा फुगून जाऊ नकोस आणि खट्टूही होऊ नकोस. घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं प्रशस्तिपत्र वाच. १० जुलै १९४४, टायबरचं खोरं. त्यात स्पष्ट लिहिलंय, की मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले, ते स्वतः सोडून, सगळे ठार किंवा जखमी झाले. मग ते एकटे धावले. हातबाँब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, आणि जिंकलेल्या त्या मोर्चातच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. आता डोकं चालव. पणजोबा खरोखर शेजारी असतील आणि घरी परतले असतील, तर त्या दिवशी जखमी झालेले असायला हवेत. झाले होते? घाडगे तिसऱ्या पलटणीतले. पणजोबा कुठल्या? इटलीत पहिलीही होती, नामदेव जाधवांना १९४५ साली सेनिओ नदीवर क्रॉस मिळाला ती. पणजोबा पहिलीत निघाले तर ‘शेजारी’ हा शब्द गळेल, माणूस नाही गळणार. इटलीच्या चिखलात बंदूक घेऊन उभा राहिलेला तुझ्या घरचा माणूस तेवढाच उरेल, आणि माझ्या मते तोच लिहिण्याजोगा आहे.

तर रडणं पुरे. ट्रंकेतलं त्यांचं डिस्चार्जचं पुस्तक काढ आणि सैनिक क्रमांक मला कळव. बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज कर, नमुना मी पाठवतो. त्या काळच्या पलटणींच्या रोजनिश्या लंडनमध्ये क्यूच्या अभिलेखागारात आहेत. तुझी मावसबहीण तिकडे शिकते ना? तिला एक दिवस कामाला लाव, नुसती चित्रं पाठवत असते. आणि पणजोबांच्या पायावरच्या व्रणाबद्दल आत्याआजींना तूच विचार. विचारताना आजोबा खोलीत नकोत. ते आधीच सांगून टाकतील.

तुझा,
काका