कुडाळसारख्या गावात लिनक्स युजर ग्रुपच्या बैठका कशा भरवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळ-सावंतवाडी भागात तुम्ही पाच-सहा जण लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वापरता, पुण्या-मुंबईत आहे तसा युजर ग्रुप सुरू करायचाय, पण दर महिन्याला बोलायचं काय, बसायचं कुठे आणि चार महिन्यांनी कोणी येईल का, याची धास्ती आहे. रत्नागिरीत अशा बैठका भरवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्याचा प्लग किंवा मुंबईचा आयलग या लिनक्स युजर ग्रुपांचा साचा आपल्याकडे जसाच्या तसा बसत नाही. मोठ्या शहरात आयटीतली माणसं भरपूर, एखाद्या शनिवारी कोणी कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बोललं तरी ऐकायला लोक मिळतात. इथे ज्याला कर्नलमध्ये रस असतो तो डिप्लोमा झाला की पुण्याची गाडी धरतो. गावात राहतात ते शाळेतले शिक्षक, झेरॉक्सवाले, वाचनालयाचे ग्रंथपाल, पतपेढीतले कारकून, मोबाइल दुरुस्तीवाले आणि नोकरी संपवून मुंबईहून परत आलेले काका. ग्रुप यांच्या जिवावर उभा करा. यांच्या घरात किंवा दुकानात एक बंद पडलेला नाहीतर रखडत चालणारा कॉम्प्युटर असतो आणि तो चालू व्हावा एवढीच त्यांची इच्छा असते. येणाऱ्याने मशीन घेऊन यावं आणि जाताना चालू करून न्यावं, या एका गोष्टीभोवती बैठक बांधा. बाकी सगळं त्यानंतर.

सध्या त्यासाठी वेळही चांगली आहे. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे गावागावात असे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर आहेत ज्यांना दुकानदार 'आता नवीनच घ्या' म्हणतोय. चार जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) असेल तर त्यांच्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती अजून बरीच वर्षं काम देईल. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. तो खर्च आधीच सांगून ठेवा आणि एसएसडी ज्याची त्याने आणावी. खरेदी-विक्रीत ग्रुपने पडू नये.

आता किनाऱ्यावरच्या मशिनांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शहरातल्या कुठल्याच मार्गदर्शकात हे सापडत नाही. आपल्या हवेत मीठ आणि ओल. कॉम्प्युटर दोन पावसाळे बंद पडून राहिला की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही. मालक म्हणतो मदरबोर्ड गेला. बऱ्याच वेळा गेलेलं काहीच नसतं. वायर काढायची, रॅम सोडवायची, पट्ट्यांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, ब्रशने कण झाडायचे आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवायची. आमच्याकडे मालवणहून एक आजोबा कॅबिनेट गोणपाटात गुंडाळून घेऊन आले होते. उघडल्यावर आत पालीची दोन अंडी, एका कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ आणि बोटभर धूळ. 'ह्यो परत चलतलो मां?' एवढंच ते विचारत होते. साफसफाई आणि खोडरबर एवढ्यावर तो उठला. त्या दिवशी त्यांच्याभोवती जी गर्दी जमली ती कुठल्याही व्याख्यानाला जमली नसती, आणि त्यातले बरेच जण पुढच्या महिन्यात स्वतःचं मशीन घेऊन आले.

दुसरी नेहमीची तक्रार: 'नेट आहे पण एकही साइट उघडत नाही, सारखं सर्टिफिकेट चुकीचं म्हणतो.' अशा वेळी आधी घड्याळाकडे बघा. मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा बटणसेल संपला की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाते, मग ब्राउझर सुरक्षित साइट नाकारतो आणि लिनक्सचे अपडेटही अडतात. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. बैठकीच्या पेटीत चार-पाच कायम ठेवा. त्याच पेटीत स्क्रू ड्रायव्हर, रंगवायचा ब्रश, खोडरबर, साटाच्या (डिस्क जोडायच्या) दोन केबल, युएसबी कीबोर्ड आणि माऊस, आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर हवा. शाळांतले प्रोजेक्टर अजून व्हीजीएवरच आहेत.

लिनक्स टाकण्याआधीचे नियम मात्र कडक ठेवा. डेटा आधी बाहेर काढल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, मग समोरचा कितीही घाईत असो. विंडोजही ठेवायचं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. त्याची रिकव्हरी की हातात नसताना पार्टिशन (डिस्कचा भाग) हलवलं की लग्नाचे फोटो कायमचे गेले म्हणून समजा. 'माझ्या डेटाची प्रत मी घेतली आहे' अशा एका ओळीच्या कागदावर मालकाची सही घ्या. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणूनच हा कागद लागतो. एका माणसाचा डेटा गेला तर ती बातमी ग्रुपच्या आधी पोचते.

आणि प्रत्येकाला लिनक्स देऊ नका. सेवा केंद्र चालवणाऱ्याचं अंगठ्याचं यंत्र, ग्रामपंचायतीची डिजिटल सहीची की, यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज धरूनच केलेली असतात. पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्या लिनक्सवर उघडल्या की मराठीच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर बसवताना दिवस जातो. (एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या ड्रायव्हरसंचामुळे विनासायास चालतात.) अशा माणसाला सरळ सांगा की तुमच्या धंद्याचं मशीन आहे तसं राहू दे, घरचं जुनं असेल तर ते आणा. असं खरं सांगितलेला माणूस पुढे दहा जणांना तुमच्याकडे पाठवतो.

नेटची अडचण तुम्हालाही येईल. वाडीवर रेंज नसते, त्यामुळे 'घरी जाऊन अपडेट करा' हा सल्ला निरुपयोगी आहे. सगळे अपडेट, मराठी भाषेचं पॅकेज, ऑडिओ-व्हिडिओचे कोडेक, प्रिंटर, हे बैठकीतच पुरं झालं पाहिजे. पण दहा मशिनांनी एकाच वेळी डाउनलोड लावलं की हॉलचं वायफाय झोपतं. यावर उत्तम उपाय म्हणजे एका लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी टाकून ठेवणं. पहिलं मशीन जे पॅकेज ओढतं ते त्या लॅपटॉपवर साठतं आणि बाकीच्यांना तिथूनच मिळतं. मात्र घरी पाठवण्याआधी प्रत्येक मशीनमधली ती प्रॉक्सीची (त्या लॅपटॉपवरून पॅकेज घ्यायची) सेटिंग काढायला विसरू नका, नाहीतर घरी एकही अपडेट होणार नाही. वायफायचा ड्रायव्हर सापडत नसेल तर फोन केबलने जोडून युएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. लिनक्स टाकायच्या आयएसओ फाइली आदल्या रात्री उतरवून व्हेंटॉयच्या (अनेक आयएसओ चालवू देणाऱ्या साधनाच्या) एकाच पेनड्राइव्हवर ठेवा.

हे सगळं जमायचं तर सर्वांनी एकच डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) धरायला हवी. आम्ही मिंट धरली. तुमच्यातला एखादा आर्च या दुसऱ्या डिस्ट्रोचा भक्त असेल, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ती खुशाल वापरावी. पण शिक्षकाला घरी काही अडलं तर शेजारच्या गावातल्या माणसाकडे तोच मेनू, तेच बटण असलं पाहिजे. फक्त 32 बिटच्या अगदी जुन्या मशिनांसाठी डेबियन 12 या डिस्ट्रोची एक आयएसओ जवळ असू दे, कारण ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिटचा इन्स्टॉलर नाही.

बोलायचं काय, हाही तुमचा प्रश्न होता. वीस मिनिटं, एक विषय, आणि तो समोर करून दाखवायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी मराठी टायपिंगला असते. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लावायचा, चार शब्द टंकायचे आणि मग 'दुसऱ्या' हा शब्द द्यायचा. जवळपास सगळे तिथे अडतात, 'दुसर्‍या'साठी काय काय युक्त्या करतात, कोणी चक्क 'दुसर्या' लिहून मोकळा होतो. शिफ्ट धरून J दाबलं की 'ऱ' येतो, मग D ने हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग 'य' आणि काना. आयुष्यभर नोटिसा टाइप केलेल्या बाई हे बघून वहीत लिहून घेतात. लिब्रेऑफिसमध्ये यादीवरून दोनशे पावत्या कशा काढायच्या, फोनमधले फोटो केबलने कसे उतरवायचे, हेही असेच चालणारे विषय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे मराठी व्हिडिओ आहेत. ते आधीच उतरवून पेनड्राइव्हवर द्या.

जागेसाठी पहिल्यांदा वाचनालयाकडे जा. कोकणात वाचनालयांची परंपरा मोठी. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. अशा संस्थांच्या माणसांना गावासाठी काही चालू व्हावं असं मनापासून वाटतं, आणि त्यांचाही एखादा कॉम्प्युटर रखडलेला असतोच. तो पहिल्याच दिवशी नीट करून द्या. शाळेची लॅब हवी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि लॅबच्या मशिनांना हात लावणार नाही असं त्यात लिहा. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतायत, हे त्यांना जरूर सांगा. पुढे तेच विचारतात की आमच्या लॅबचं काय करता येईल. एक्स्टेंशन बोर्ड आपले न्या, आणि इन्व्हर्टर नसलेल्या जागी पावसात इन्स्टॉलेशन सुरू करू नका.

वार आणि वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा. लांबच्या वाडीला जाणारी शेवटची गाडी कितीला सुटते ते स्टँडवर विचारा, आणि बैठक तिच्या तासभर आधी संपवा. संध्याकाळची बैठक म्हणजे फक्त बाजारपेठेत राहणाऱ्यांची बैठक. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकरा ते साडेतीन, असं एकदा ठरलं की तीन माणसं आली तरी हलवायचं नाही. या महिन्यात रविवार, पुढच्या महिन्यात शनिवार, असं सुरू झालं की लोक विचारायचं सोडतात.

वर्षाचं गणितही आपलं वेगळं आहे. एप्रिल-मे मध्ये ज्याची कलमं आहेत तो बागेत असतो, त्याला बोलावू नका. जुलैमध्ये घाट बंद होतात, पाणी भरतं, त्या महिन्यात स्थानिक चार जणांनी बसून पेटी नीट केली तरी पुरे. उलट गणपती आणि शिमगा सोडू नका. मुंबई-पुण्यात सर्व्हर सांभाळणारी आपलीच मुलं तेव्हा घरी असतात. गौरी-गणपती गेले की परतीच्या गाडीआधी त्यांच्याकडे एखादा दिवस मोकळा असतो, त्या दिवशी अवघड मशीनं त्यांच्यासमोर ठेवा. सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, कधी कधी तो ऐन गणपतीत येतो. आठवडाभर पुढे ढकलून साजरा केला तरी चालतो.

माणसं टिकतील का, याचं उत्तर तुम्ही काम कोणाच्या हाती देता त्यात आहे. पॉलिटेक्निकची मुलं हुशार असतात, पटापट शिकतात, आणि तीन वर्षांत जातात. त्यांना जरूर घ्या, पण प्रत्येक मुलाशेजारी गावात राहणारा एक माणूस बसवा आणि कीबोर्ड त्या माणसाच्या हातात द्या. मशीनच्या मालकाला तर स्वतःच बटणं दाबायला लावा. वेळ दुप्पट लागतो. लागू दे. दर तालुक्यात एक नाव असावं ज्याला अडल्यावर फोन करता येईल, आणि ते नाव झेरॉक्सवाल्याचं असेल तर सगळ्यात उत्तम, कारण तो दिवसभर दुकानात सापडतो.

पहिली बैठक दिवाळीनंतर घ्या. पाऊस गेलेला असतो, शेतीची कामं उरकलेली असतात. पत्रक एसटी स्टँड, वाचनालय आणि दोन-तीन झेरॉक्सच्या दुकानांत लावा, आणि त्यात लिनक्स हा शब्द खाली बारीक अक्षरात असू दे. वर मोठ्या अक्षरात लिहा: 'जुना, बंद किंवा हळू चालणारा कॉम्प्युटर घेऊन या. फोटो आणि कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. शुल्क नाही. शेवटच्या गाडीआधी मोकळे करू.'