टोकियोतली जुनी, काळवंडलेली इझाकाया लोकांना एवढी का आवडतात?

तुमचा प्रश्न असा, की रेल्वे फलाटावर कागदाचा कपटाही सापडत नाही अशा देशात लोक धुराने काळ्या झालेल्या, पाठ भिंतीला घासेल एवढ्या अरुंद इझाकायात, म्हणजे दारू पीत पीत खायच्या खोपटवजा दुकानात, हौसेने का जाऊन बसतात, आणि फिरायला आलेल्या माणसाने तिथे जावं का. मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो. या दुकानांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मळकटपणाचं. भिंती आणि छत काळे दिसतात ते वर्षानुवर्षं कोळशावर मांस भाजून मुरलेल्या धुरामुळे. त्याच दुकानात लाकडी काउंटर पुसून पुसून गुळगुळीत झालेलं असतं, सुऱ्या लखलखत असतात आणि पेला धुऊन कोरडा करूनच समोर येतो. जुनेपणा आणि हेळसांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या दुकानात बसल्यावर हा फरक पाच मिनिटांत कळतो.

मला विचाराल तर खरी जादू आकारात आहे. दुकान केवढं, तर एका माणसाचा हात पोचेल एवढं. सात-आठ स्टुलं, मधे काउंटर, पलीकडे मालक. तोच भाजतो, तोच ओततो, तोच पैसे घेतो. हा आकार कुणी आवड म्हणून ठरवलेला नाही. 1945 मध्ये युद्ध संपलं तेव्हा बॉम्बहल्ल्यांत टोकियोचा मोठा भाग जळून गेला होता. स्टेशनांबाहेर काळाबाजार उभा राहिला आणि ज्याला जेवढी जागा मिळाली तेवढ्यात त्याने दुकान थाटलं. शिंजुकु स्टेशनच्या पश्चिमेची ओमोइदे योकोचो ही गल्ली त्यातलीच. पिठासारख्या जिनसांवर सरकारी नियंत्रण होतं, आतडी-काळजासारख्या भागांवर नव्हतं. म्हणून तेच काड्यांना टोचून भाजायला सुरुवात झाली, आणि आजही तिथे ते आवडीने खातात. बिअर परवडत नव्हती तेव्हा 1948 मध्ये होप्पी नावाचं बिअरच्या चवीचं पेय निघालं. ते शोचू या स्वस्त दारूत मिसळून पितात. होप्पीची बाटली शिल्लक असताना पेल्यातली दारू संपली, तर नुसतं ‘नाका’ म्हणायचं, पेल्यात पुन्हा शोचू मिळते. हे मला शेजारच्या स्टुलावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी शिकवलं. एवढ्याशा जागेत शेजारचा माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही. ऑफिसात दिवसभर मोजकं बोलणारी माणसं इथे मोकळी होतात, आणि मालक मधेच एखादा शब्द टाकून दोन अनोळखी गिऱ्हाइकांची गाठ घालून देतो. मोठ्या, चकचकीत साखळी दुकानात हे होत नाही. तिथे टॅब्लेटवर ऑर्डर द्यायची आणि आपापल्या टेबलाशी बसायचं.

शिंजुकुतच गोल्डन गाई आहे. सहा अरुंद गल्ल्या आणि दोनशेहून जास्त चिमुकले बार. 1958 पर्यंत इथे वेश्याव्यवसाय चाले. कायद्याने तो बंद झाल्यावर त्याच खोल्यांचे बार झाले, म्हणून जिने अजून तसेच उभे चढणीचे आहेत. 1980 च्या दशकात जमिनीचे भाव कडाडले आणि जागा रिकाम्या करायला दलालांनी दबाव आणला. आगीही लागल्या. तेव्हा मालकांनी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आळीपाळीने रात्री पहारे दिले. दारूच्या दुकानासाठी माणसं थंडीत पहारा देतात, यातच त्यांचं त्या जागेशी काय नातं असतं ते दिसतं.

अजून एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कागिया हे 1856 सालचं दुकान. त्याची जुनी इमारत आता कोगानेइ इथल्या खुल्या वास्तुसंग्रहालयात नेऊन उभी केली आहे. काउंटर, दारूची भांडी, सगळं नीट मांडलेलं आहे आणि पाहण्यासारखंही आहे. पण कागिया अजून टोकियोच्या नेगिशी भागातल्या दुसऱ्या एका जुन्या घरात चालू आहे, आणि मी कुठे जाईन ते सांगायला नको. लाकूड हलवता येतं, पण ओतणारा माणूस आणि त्याच्यासमोर बसणारी माणसं त्यासोबत जात नाहीत.

म्हणूनच हल्ली मॉलमध्ये गंजल्यासारखे रंगवलेले पत्रे लावून जी नवी ‘जुनी’ गल्ली उभारतात, ती मला आवडत नाही. खरी गल्ली मात्र एकदा पाडली की पुन्हा तशी बांधता येत नाही. 1950 च्या बांधकाम कायद्याप्रमाणे नव्या इमारतीसमोर साधारणपणे 4 मीटर रुंद रस्ता लागतो, आणि या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तरी अंग चोरावं लागतं. टोकियोतल्याच तातेइशी स्टेशनच्या उत्तरेकडची अशी दुकानं पुनर्विकासासाठी 2023 मध्ये बंद झाली. उरलेल्या ठिकाणी बरेच मालक म्हातारे झाले आहेत आणि मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत आहेत.

तेव्हा जा, नक्की जा. पण एकटे किंवा दोघेच जा. चार जण आलात तर अर्धं दुकान तुमचंच होतं. रोख पैसे ठेवा, फोटो विचारून काढा, आणि बाहेर कुणी थांबलेलं दिसलं तर फार रेंगाळू नका. न मागता खाण्याची एक छोटी वाटी समोर येईल, तिचे तीनचारशे येन बिलात लागतील. ते जागेचं भाडं समजा, वाद घालू नका. शाकाहारी असाल तर एदामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा) आणि लोणची बहुधा मिळतात. थंड टोफूवर माशाचा कीस घालतात, तो आधीच नको म्हणून सांगा. रश्श्याच्या पदार्थांत मात्र माशाचा अर्क असतोच असं धरून चाला.