अर्थविचार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी घेतला त्याहून मोठा टीव्ही आज कमी पैशांत मिळतो. मग महागाई वाढते म्हणता ती कशी? आणि स्वस्ताईचं नाव काढलं की अर्थतज्ज्ञ धास्तावतात, ते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : टीव्ही आपण आठ-दहा वर्षांतून एकदा घेतो, तूरडाळ दर महिन्याला. महागाईचा निर्देशांकही हेच बघतो. 2012 हे पायाभूत वर्ष धरून, म्हणजे त्या वर्षाच्या भावांशी तुलना करून काढलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता. टोमॅटो दुप्पट झाला की निर्देशांक हलतो; टीव्ही निम्म्यावर आला तरी त्याला फारसा फरक पडत नाही.

तंत्रज्ञान कसं स्वस्त होतं ते एलईडी बल्बवरून बघा. ईईएसएल या सरकारी कंपनीने 2014 मध्ये तो 310 रुपयांना घेतला होता. 2016 मध्ये तोच 38 रुपयांवर आला! चिप स्वस्त झाली, त्यात एकगठ्ठा खरेदी आणि कंपन्यांची चढाओढ. यात गिऱ्हाइकाचा पगार कापला गेला नाही. उलट चार पैसे वाचले, ते दुसऱ्या कुठल्या दुकानात गेले. ही एका वस्तूची स्वस्ताई झाली, चलनघट नव्हे.

चलनघटीत भाव सरसकट उतरतात, आणि धंदा, मजुरी, जमिनीची किंमत यांनाही उतरती कळा लागते. कर्जाचा आकडा तेवढा जिथल्या तिथे. सोयाबीनचा भाव पडल्यावर पीककर्ज डोक्यावर असलेल्याची जी गत होते, ती अख्ख्या देशाची झाली असं समजा. जपानमध्ये 1990 नंतर शेअर आणि जमिनीचा फुगा फुटला. कंपन्या वर्षानुवर्षं कर्ज फेडत बसल्या, पुढे भावही घसरू लागले आणि पगार जागचे हलेनात. धास्ती आहे ती याची.

भाव उतरणार म्हटल्यावर लोक खरेदी लांबणीवर टाकतात, असंही पुस्तकात असतं. घर-जमिनीचं असेल तसं. मोबाईलच्या बाबतीत मला ते पटत नाही. पुढच्या वर्षी स्वस्त मिळणार हे ठाऊक असूनही दिवाळीत दुकानं भरलेलीच असतात. मुलीचं कॉलेज यंदा सुरू होतंय, तर लॅपटॉप यंदाच लागणार.

आणि तंत्रज्ञानाची स्वस्ताई कायमची असते असंही धरून चालू नका. 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले. बरेच स्पर्धक गळाले, आणि जुलै 2024 मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले.