गावचा झालास हे कसं ओळखावं

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माण तालुक्यात तलाठी म्हणून सजा, म्हणजे सांभाळायला गाव मिळालं, माणसं चांगली आहेत, चावडीत पाऊल टाकलं की खुर्ची पुसून देतात, चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही, असं लिहिलंयस. आणि खाली विचारलंयस की गाव आपल्याला आपलं मानायला लागलं हे कळतं कशावरून? हा प्रश्न तुला पहिल्याच महिन्यात पडला याचा मला फार आनंद झाला. आपल्या खात्यात आख्खी नोकरी करून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांच्या मनाला तो कधी शिवलाही नाही.

खुर्ची आणि चहा यांवर जाऊ नकोस. ते दारी आलेल्या प्रत्येकाला मिळतं. माणदेशातला माणूस दुष्काळातही पाहुण्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय परत धाडत नाही. गावानं आपलं मानलं की गोष्ट उलटी होते. मान कमी होतो आणि कामं वाढतात. खुर्ची कुणी पुसत नाही, ‘तिकडनं घ्या की ओढून’ म्हणतात. त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नकोस, पेढे वाट.

रस्त्यातल्या हाकेपासून सुरुवात होईल. सकाळी गाडी काढलीस की पारावरून कुणीतरी विचारणार, ‘भाऊसाहेब, कुठं निघालासा?’ नवा माणूस याला खरंखुरं उत्तर देतो. दहिवडीला तहसीलमध्ये बैठक आहे, मग बँकेत जायचंय, येताना टायरमध्ये हवा भरायचीय. विचारणारा ऐकून घेतो, पण त्याला यातलं काहीच नको असतं. तू दिसलास, तुझी दखल घेतली, एवढंच त्याला सांगायचं असतं. गावचा माणूस गाडी न थांबवता ‘आलोच, जरा खालनं जाऊन’ म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. खालनं म्हणजे कुठनं, हे जगात कुणी विचारत नाही. हे उत्तर तुझ्या तोंडून आपसूक निघालं आणि पारावरचा माणूस पुन्हा तंबाखू मळायला लागला, की ओळख पटली म्हणायची.

घड्याळ आणि कॅलेंडर, दोन्ही बदलतील. चावडी वाचनाला, म्हणजे गावापुढं सातबारे मोठ्यानं वाचायला, संध्याकाळी सहाची वेळ दिलीस तर तू आणि कोतवाल दोघंच बसाल, कारण त्या वेळेला सगळं गाव कॅन घेऊन डेअरीच्या रांगेत असतं. दूध घातलं, दुधाच्या प्रतीची, फॅट-एसएनएफची पावती खिशात गेली, की मग माणूस मोकळा. ‘डेअरी झाल्यावर या’ म्हणालास तर येतील. आठवडा बाजाराच्या वारावर चालतो आणि वर्ष यात्रांवर. ‘शिखर शिंगणापूरच्या यात्रेनंतर वाटणी करू’ म्हणजे चैत्र संपता संपता. ‘म्हसवडच्या रथाच्या आधी देतो’ म्हणजे मार्गशीर्ष लागायच्या आत. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली इथली माणसं यात्रेलाच हाती लागतात. वारसांचे जबाब, सह्या तेव्हाच उरकून घेत जा. हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. पोक्त माणसाला वय विचारलंस आणि तो म्हणाला, ‘आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची तवा मी कडेवर होतो,’ तर कपाळाला आठी न घालता मनात १९७२ मधून वर्ष-दीड वर्ष वजा करायचं. ते तुला जमायला लागलं की समोरच्यालाही ते कळतं, आणि तो पुढचं सगळं सांगतो.

खरी कसोटी मात्र पावसाची. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे आकडे तुला पाठ असलेच पाहिजेत; चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडलं की अतिवृष्टी, हा हिशेब पंचनाम्याच्या वेळी लागतो. पण तू जिथं आहेस तो पावसाच्या छायेतला मुलूख आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि माणमध्ये सरासरी ५०० च्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. अशा ठिकाणी पावसाला नावं असतात. ७-८ जूनला मृग निघतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागला की हत्तीचा. यंदा मृगाचं वाहन काय, म्हैस की गाढव, यावर पारावर पंचांग उघडून तासभर वाद चालेल. तू त्यात पडलास आणि ‘मागल्या साली बेडूक असून कोरडा गेला’ असं ठासून म्हणालास, तर तुला सरकून जागा करून देतील. माणदेशाची सगळी भिस्त परतीच्या पावसावर, म्हणून हत्तीकडे इथं जितक्या आशेनं बघतात तितकं मृगाकडेही बघत नाहीत.

मग एक दिवस कुणीतरी रानात हाक मारून विचारेल, ‘काय वाटतंय, पेरावं का?’ तेव्हा मोबाईल बाहेर काढू नकोस. खाली वाक. बोटभर माती बाजूला कर, आतली मूठभर उचल, घट्ट दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. पडून भुगा झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे. तसाच राहिला तर ओल अजून जास्त आहे, थांबायचं. गोळाच वळला नाही तर विषय संपला, पुढच्या पावसाची वाट बघायची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो ते बरोबरच आहे; आणि म्हातारा कुदळीनं खणून ओल वीतभर खाली गेलीय का बघतो, तेही त्याच गोष्टीचं माप आहे. दोन्ही मापं तुला यायला हवीत. माती हातात घेतलेला तलाठी पाहिला की शेतकऱ्याचा चेहरा कसा उजळतो, हे तू स्वतःच बघ.

शिवाराचंही तसंच. सातबाऱ्यावर गट नंबर आणि हेक्टर-आर. गावाच्या तोंडात एकर, गुंठे आणि रानांची नावं. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा, असे चाळीस झाले की एकर, हे तोंडावर असू दे. आणि नावं? माळाचं, विहिरीचं, चिंचेखालचं. त्या चिंचेखालच्या रानात चिंच शोधत बसू नकोस, ती कधीच तुटलेली असते. जिथं चिंच नाही तिथं तुला बरोबर जाता आलं, की तू गावचा. एकाच आडनावाची चाळीस घरं असतात, त्यांत एकाच नावाचे तिघं आणि त्यांच्या बापाचंही नाव एकच. तिथं ‘गिरणीवाले’, ‘माळावरचे’, ‘मास्तरांचे’ ही गावानं लावलेली नावंच उपयोगी पडतात. एक वही कर. गट नंबर, रानाचं नाव, घराचं नाव. माझ्याकडून एका नावाची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर कधी चढली नाही, ती या वहीमुळं. तुझंही एक नाव पडेलच. आधी मागं म्हणतील, मग शाळेतली पोरं तोंडावर म्हणतील. रागावू नकोस. नाव ठेवण्याइतकं लक्ष गाव परक्या माणसाकडे देत नाही.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली खूण सांगतो. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसेल. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की महाप्रसादाच्या पंगती. पहिल्या वर्षी तुला सरपंच आणि पोलीस पाटलांच्या शेजारी पहिल्या पंगतीला बसवतील, टॉवेल-टोपी-नारळ देतील, माईकवर नाव पुकारतील. बरं वाटेल. पण खरी वेळ येते ती त्यानंतरच्या एखाद्या वर्षी, तू पायरीवर चपला काढत असताना, जेव्हा कुणीतरी काही न विचारता तुझ्या हातात आमटीची बादली देतं आणि म्हणतं, ‘पलीकडची लाईन धरा.’

बादली घेतलीस की बाह्या वर कर आणि वाक. उभ्यानं ओतलंस तर आमटी पत्रावळीबाहेर जाते आणि शेजारच्याच्या धोतरावर उडते. वाढप्यानं चेहरा बघायचा नसतो, पत्रावळ बघायची. ओगराळं तळातनं घालून वर आणायचं, नाहीतर डाळ बादलीतच राहते आणि पहिल्या दहांना नुसतं पाणी मिळतं. म्हाताऱ्या बायका लगेच ओळखतात आणि ‘खालचं घाल की रं’ म्हणून सुनावतात. लोक ‘बास, बास’ म्हणतील. एक हात वर करून म्हटलेलं बास म्हणजे अजून अर्धं ओगराळं. दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरून माणूस पुढं वाकला तरच ते खरं बास. पोरांना बुंदी दुसऱ्यांदा मिळेपर्यंत ती उठत नाहीत, त्यांना उठवूही नकोस. पायावर गरम आमटी सांडेल, सदऱ्यावर डाग पडेल. शेवटच्या पंगतीला, ऊन कलल्यावर, वाढपी एकत्र बसतात. आमटी पातळ झालेली असते, बुंदीचा चुरा उरलेला असतो. गावाचं खरं बोलणं या पंगतीत होतं. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची सोयरीक मोडली, कोण रात्रीचा बांध कोरतोय. तिथं जेवल्याशिवाय तलाठ्याला गाव कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी मोठी खूण म्हणजे तुझ्याशी भांडायला येतील. परक्या अधिकाऱ्याविरुद्ध माणूस वरती अर्ज करतो. आपल्या माणसाच्या घरी येऊन, ‘फेरफार अजून का अडवलाय?’ म्हणून उंबऱ्यात उभा राहून ओरडतो. त्याला आत घे, पाणी दे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काम खरोखर कर.

मयतीचं सांगायला कुणी आमंत्रण देत नाही, हे तुला ठाऊक असेल. फक्त एक फोन येतो, ‘म्हातारी गेली. बाराला नेणार.’ तो फोन तुला आला तर हातातलं काम ठेवून जायचं. लाकडं उतरवायला हात लावायचा. आणि तिथं, सावडण्याला किंवा दहाव्याला, वारस नोंदीचा शब्द काढायचा नाही, कुणी विचारलं तरी ‘नंतर बघू’ म्हणायचं. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसांना वर्दी द्यायला तीन महिने असतात, तेरावा झाल्यावर तू स्वतः आठवण करून दे. घरातलं माणूस गेलेलं असताना कागद विसरला जातो, आणि पुढं त्याच विसरलेल्या कागदापायी भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात.

आता एक गोष्ट, जी मी तुझा हात धरून सांगितली असती. गावचा हो, पण कुठल्याच आळीचा होऊ नकोस. ‘भाऊसाहेब आपलाच हाय’ असं एक भावकी म्हणायला लागली तर ती आपलेपणाची खूण नव्हे, धोक्याची आहे. बांधाचं आणि पाणंदीचं भांडण तुझ्याकडे येणारच. बांधावरून रस्ता देणं किंवा अडवलेला रस्ता मोकळा करणं हा अधिकार तहसीलदारांचा आहे, महसूल संहितेच्या कलम १४३ खाली किंवा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. तुझं काम आहे जागेवर जाणं आणि दिसतं तेच लिहिणं. दोन्ही बाजूंना बोलाव. पंचनामा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाच, मगच सह्या घे. त्या दिवशी दोघांपैकी कुणाच्याच घरी चहा घ्यायचा नाही, पाण्याची बाटली घरून न्यायची. लोक नाराज होतील, पण वर्षभरानं तेच दोघे तुझ्या अहवालाची साक्ष काढतील. गावचं माणूस असण्यातला हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो तुला जमावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दहिवडीत राहून रोज ये-जा करू का, असंही विचारलंयस. नको. वर लिहिलंय त्यातलं बरंचसं अंधार पडल्यावरच वाट्याला येतं. मुक्कामी एसटी येते, चालक-वाहकाला कुठल्या तरी घरून भाकरी येते, पारावर माणसं जमतात, आणि थ्री फेज लाईट रात्रपाळीला असली की निम्मं गाव बॅटरी घेऊन रानात जायला निघतं. पाचच्या गाडीनं परत जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि मग सकाळी सातला त्यानं फोन केला की रात्रभर रानात पाण्याची दारं धरलेला माणूस का चिडला, हेही कळत नाही.

मृगाच्या आत खोली घे. घरमालक कुठल्या बांधाच्या तंट्यात नाही ना, ते आधी विचार. नळाला पाणी कोणत्या वारी येतं तेही विचार आणि त्या हिशेबानं पिंप घे. माझी दप्तराची लोखंडी पेटी अजून चांगली आहे, कुलूपही चालतं. पत्ता कळवलास की दहिवडीच्या गाडीत घालून देतो, स्टँडवरून उतरवून घे.

तुझा,
एक जुना तलाठी