तो रडत वर आला, तरी तुम्ही खाली जाऊ नका

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. आम्ही वाकडला राहतो. तीन दिवस फुटबॉल कोचिंग, दोन दिवस अबॅकस, शनिवारी स्केटिंग. तरी सोसायटीतल्या मुलांत तो रमत नाही. दहा मिनिटांत 'ते चीटिंग करतात' म्हणत रडत वर येतो आणि टॅब घेऊन बसतो. मी खाली जाऊन मुलांना समजावलं, तर आता ती याला खेळायलाच घेत नाहीत. त्यात कमिटीने पार्किंगमध्ये 'खेळण्यास मनाई'ची पाटी लावलीय. सासूबाई म्हणतात, 'सोड गं त्याला जरा.' मी कुठे बांधून ठेवलंय?
– एक आई, पुणे

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. तुमच्या धडपडीबद्दल शंका नाही. नोकरी सांभाळून मुलाला आठवडाभर इकडून तिकडे पोचवणं सोपं नसतं. पण या सगळ्या ठिकाणी नियम मोठ्यांचे, शिट्टी मोठ्यांची, भांडण झालं तर मिटवणारे सर. 'मी आउट नव्हतो' हे चिडलेल्या मित्राला स्वतः पटवायची वेळ त्याच्यावर फक्त खाली पार्किंगमध्ये येते, आणि तिथे तो गडबडतो.

डबा ऐसपैस आठवा. खेळ सुरू व्हायच्या आधीच केवढी वादावादी! राज्य कुणावर, लपायचं कुठपर्यंत, जिना चालेल का, शर्टांची अदलाबदल करून फसवलं तर? कुणाचं धाकटं भावंड मागे लागलं तर ते लिंबूटिंबू. ते पळणार, लपणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. दुबळ्याला कसं सामावून घ्यायचं हे पोरं पोरांकडूनच शिकत आली. कुणा सरांनी ते शिकवलं नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला चिडवायचे, पण दुसऱ्या दिवशी हाकही मारायचे, कारण गडी कमी पडायचा. खेळ मोडू नये म्हणून प्रत्येकाला थोडं नमतं घ्यावं लागतं. तुमच्या मुलाला याचाच सराव नाही. वाडे गेले, रस्ते गाड्यांनी भरले, संध्याकाळी मोकळी पोरंच उरली नाहीत. हा दोष एकट्या तुमचा नाही.

फुटबॉल राहू द्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी असं सांगते, त्यात त्याचा उपयोगच आहे. अबॅकस आणि स्केटिंगमधलं मात्र एक सोडा. कोणतं, ते त्यालाच ठरवू द्या, आणि मोकळ्या झालेल्या वेळात दुसरं काही भरू नका.

मुलं त्याला घेत नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांच्यातल्या एक-दोघांना घरी बोलवा, खायला द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. ओळख वाढली की तीच त्याला खाली नेतील. पुन्हा रडत आला तर जवळ घ्या, पूर्ण ऐकून घ्या, आणि विचारा, 'मग तू काय म्हणालास?' न्याय करायला जाऊ नका. मारहाण होत असेल किंवा ठरवून रोज त्यालाच छळत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांच्या आईवडिलांशी जरूर बोला.

टॅब हिसकावून काही होणार नाही. तिथे त्याच्याशी कुणी भांडत नाही, म्हणून तो तिथे जातो. वेळेची मर्यादा घाला, पण आधी सोबत मिळू द्या.

आता पाटी. एकट्याने कमिटीशी भांडू नका, चार-पाच पालक मिळून जा. संध्याकाळी तास-दीड तास गाड्यांची ये-जा नसलेला एखादा कोपरा मुलांसाठी मागा. काचा फुटण्याची, झोपमोडीची तक्रार असेल तर तीही ऐकून घ्या. पण हे ठामपणे सांगा की खेळणं हा मुलांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम तेच म्हणतं, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

लक्ष ठेवायला कुणी हवं असेल तर सासूबाईंनाच विचारा. त्या खाली बाकावर बसतील. मुलांच्या भांडणात पडायचं नाही, एवढं मात्र त्यांच्याशीही आधी बोलून ठेवा.